रानडुकरांच्या वाटेचा नकाशा
गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात धान लोंबीवर आला की रानडुकरांचा कळप रात्री बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरतो. खातो थोडे, तुडवतो फार. एकट्याने कुंपण घातले, तर कळप शेजाऱ्याच्या बांधीत शिरतो. म्हणून उपाय गावाने मिळूनच करायचा. गावनकाशावर गट क्रमांकानुसार नुकसानीची तारीख, खुरांचे ठसे, उकरलेली माती आणि बोडी (लहान तळे) आणि नाल्याकाठची झुडपे टिपली की कळपाची वाट दिसू लागते. जागल आणि कुंपण तिथेच एकवटावे. तारेत थेट लाइनची वीज सोडणे मात्र गुन्हा. त्यात माणूसही मरतो, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातला वाघही मरू शकतो. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मारायला वन विभागाची परवानगी लागते. भरपाईच्या पंचनाम्यालाही हाच नकाशा कामी येतो.