डोळ्यांनी शिकलेली गिटार

सतारीच्या मागे घराणी उभी राहिली, पियानोच्या मागे परीक्षा आणि प्रमाणपत्रे. गिटार मात्र ज्याच्या हाती लागली त्याने इकडून-तिकडून पाहून, ऐकून, चार मित्रांना विचारून आपली आपण शिकावी, असाच बहुतेक ठिकाणी दस्तुर पडला. सबब, ‘हल्लीची मुले गुरूवाचून शिकतात’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार निदान या वाद्यापुरती तरी टिकणारी नाही. १९५७ साली बर्ट वीडन या इंग्रज वादकाने ‘प्ले इन अ डे’ नावाचे, एका दिवसात वादन शिकवण्याची ग्वाही देणारे पुस्तक काढले. ती ग्वाही अर्थातच अवास्तव होती, परंतु एरिक क्लॅप्टन, पॉल मॅकार्टनी, ब्रायन मे यांच्यासारख्या वादकांची सुरुवात त्याच पुस्तकाने झाली. खरा बदल आहे तो निराळाच: विद्यार्थ्याच्या कानावर पूर्वी जे काम सक्तीने येऊन पडे, ते एकेक करून डोळ्यांकडे वर्ग झाले आहे.

आता डोळ्यांनी शिकणे हेही काही कालचे खूळ नव्हे. १५३६ साली व्हॅलेन्सियात लुईस मिलान याने ‘एल माएस्त्रो’ हा ग्रंथ छापला, तो गिटारच्या कुळातील विहुएला या वाद्याचा क्रमिक पाठच होता: सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जोड्या, रेघेवरचा आकडा म्हणजे दाबायचा पडदा, आणि वर कालमापनाची चिन्हे. साडेचार शतकांनी संगणकावर जी ‘टॅब’ हातोहात फिरू लागली, तिच्यात रेघा आणि आकडे तेच होते, पण कालमापनाची चिन्हे बहुधा गळालेली असत. कोणता पडदा दाबायचा ते कळे, किती वेळ दाबायचा ते कळत नसे. त्यासाठी मूळ गाणे पुन्हापुन्हा ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्या उणिवेने नकळत कानाची मेहनत शाबूत ठेवली. दूरध्वनीच्या पडद्यावर आज रंगीत ठिपके तालात सरकत येतात, त्यांनी ती उणीवही भरून काढली.

ध्वनिमुद्रिकेच्या जमान्यात अवघड जागा उकलण्याची एक युक्ती होती. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी १६ च्या वेगावर लावली की गती निम्मी होई आणि सारे स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरत. स्वरांची नावे तीच राहत, म्हणून ते शोधून काढता येत. कॅसेटवाल्या पिढीने हेच काम फीत मागे-पुढे करीत, बटणे झिजवून केले. हल्ली यूट्यूबवर वेग अर्धा करता येतो आणि स्वर जागचा हलत नाही. ही सोय निःसंशय उत्तम आहे. पण चित्रात वादकाची बोटे दिसत असताना स्वर शोधण्याची तसदी घेतो कोण?

सर्वांत मोठी हानी झाली आहे ती तारा जुळवण्याच्या कामात. जुनी रीत अशी, की सर्वांत जाड तारेचा पाचवा पडदा दाबावा, त्यातून येणारा स्वर तोच शेजारच्या मोकळ्या तारेचा; याच क्रमाने पुढे जावे, फक्त तिसरीवरून दुसरी जुळवताना चौथा पडदा धरावा. दोन तारा एकदम छेडल्या आणि त्या किंचित विजोड असल्या, तर आवाजात एक लहर डोलताना ऐकू येते; खुंटी पिळत जावी तशी ती संथ होते आणि स्वर मिळताच नाहीशी होते. हा सूक्ष्म व्यायाम रोज पाच मिनिटे, तोही वादनाला आरंभ होण्यापूर्वीच, घडत असे. आता वाद्याच्या माथ्याला स्वर ओळखणारा चिमटा लावतात, हिरवा दिवा लागला की काम संपले.

हेलसिंकीत जन्मलेल्या युसिशियनसारखी अ‍ॅप्स विद्यार्थ्याचे वादन ऐकून लगेच गुण देतात. परंतु नवशिक्यांचा काळ ठरलेली ‘एफ’ कॉर्ड घ्या. तर्जनी पहिल्या पडद्यात सहाही तारांवर आडवी धरायची, आणि तारा मुक्या पडतात. स्वर उमटला नाही एवढे यंत्राला कळते. तर्जनी अंमळ कुशीवर कलंडवून तिची हाडाळ कड तारांवर आणली पाहिजे, अंगठा दांड्यामागे मधोमध टेकला पाहिजे, हे समोर बसलेला शिक्षकच पाहू शकतो. मग विद्यार्थी कॅपो, म्हणजे तारा आवळून धरणारी पट्टी, चढवून ‘एफ’ टाळतो, किंवा गाण्याचा प्रारंभीचा तुकडा तेवढा बसवून त्याचे रील करतो. आरंभ येणारी आणि गाणे न येणारी मंडळी त्यामुळे फार झाली आहेत.

डोळ्यांनी शिकताना कान सुटलाच पाहिजे असे मात्र नाही. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकवली जाई, तेही डोळ्यांचेच शिक्षण होते; पण कागदावरचा स्वर गळ्यातून काढता येणे हा त्या शिक्षणाचा पाया होता. त्या परंपरेत वाढलेल्या गोमंतकीयांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद पेलले. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच.

जिथे शिक्षक मिळणे दुरापास्त, तिथल्या मुलालाही आज जस्टिन सँडरको यांच्यासारख्यांचे क्रमवार पाठ फुकट उपलब्ध आहेत, आणि हा लाभ लहान नव्हे. तेव्हा दूरध्वनी काढून घेण्याची शिफारस मी करणार नाही. घरी गिटार आणणाऱ्या पालकांना विनंती एवढीच, की महिन्यातून एकदा तरी मुलाला कोणा जाणत्यासमोर बसवून त्याचे हात तपासून घ्यावेत, आणि आठवड्यातून एक दिवस तो चिमटा कपाटात ठेवून तारा कानांनी जुळवायला सांगावे.