अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ : इमारत गेली, मोजमाप राहिलं

मिनार हा शब्द आपण रोज वापरतो. अरबीत 'मनारा' म्हणजे मुळात उजेडाची जागा. मशिदीच्या मिनाराला आणि समुद्रकाठच्या दीपस्तंभाला तिथे हा एकच शब्द चालतो. जगातला सर्वांत नामांकित मनारा इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या बंदरावर होता.

इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास तो बांधला गेला. उंची शंभर मीटरच्या आसपास. खालचा टप्पा चौकोनी, मधला अष्टकोनी, वरचा गोल. शतकानुशतकं त्याने जहाजांना वाट दाखवली. पुढे दिवा बंद झाला आणि माथ्यावर छोटी मशीद उभी राहिली.

११६६ च्या सुमारास अंदलुसचे विद्वान अल-बलवी तिथे गेले. नुसते बघून परतले नाहीत. आत चढले, टप्प्याटप्प्याचं माप घेतलं आणि लिहून ठेवलं.

१३०३ च्या भूकंपात मनाऱ्याची मोठी हानी झाली. इब्न बतूता १३२६ मध्ये गेले तेव्हा त्याची एक बाजू ढासळलेली होती. १३४९ मध्ये पुन्हा गेले, तर आत शिरायलाही जागा नव्हती. १४७७ मध्ये सुलतान कायतबाय यांनी तिथेच किल्ला बांधला. तो आजही उभा आहे.

मनारा कसा दिसायचा, हे आज अभ्यासक सांगतात त्यात बलवींच्या नोंदींचा मोठा वाटा आहे. वर्गात हे सांगताना आम्ही मुलांना एकच विचारतो : तुमच्या गावातली जुनी मशीद, वाडा, विहीर कुणी मोजलीय का? पडायच्या आधी टेप आणि वही घेऊन जाऊ या.