उन्हाळ्यात संगणक का मंदावतो?

बल्लारपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो. मग घरी प्रयोगासाठी आणलेला ‘रास्पबेरी पाय ४’ हा चिमुकला संगणक दुपारी रेंगाळू लागतो. तो बिघडला असे समजू नका! प्रोसेसरचे तापमान ८० अंशांवर गेले, की इजा टाळण्यासाठी तो आपला वेग स्वतःच कमी करतो.

प्रोसेसरमधील उष्णता हवेत जाते ती तापमानांतील फरकामुळे. समजा, २५ अंशांच्या हवेत तो ६५ अंशांवर स्थिरावतो. फरक ४० अंशांचा. तेवढेच काम ४५ अंशांच्या हवेत केल्यास तो ८५ अंशांकडे निघणारच. पंख्याने हवा थंड होत नाही, पण उष्णता लवकर वाहून गेल्याने हा फरक घटतो. पंख्यासह आणि पंख्याविना दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. कूलरचे तुषार मात्र संगणकावर उडू देऊ नका.