दोन संगणकभाषांमधील दुभाषी



आमच्या मुलुंडच्या चेक नाक्यावर पूर्वीं मालमोटारींची मोठी रांग लागत असे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. तोंपर्यंत ठाण्याकडून येणाऱ्या मालाचे कागद येथें तपासले जात. माल कितीहि चोख असला, तरी कागदावरील हिशेब जुळल्यावांचून गाडी सुटत नसे. आज मी ज्या नाक्याविषयीं बोलणार आहें, तो दोन संगणकभाषांच्या सीमेवर असतो.

आपण ब्राउझरमध्यें एखादें पान मागितलें म्हणजे सर्व्हर जें उत्तर पाठवितो, त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग अंकाचा. २०० म्हणजे काम झालें, ४०४ म्हणजे मागितलेलें सांपडलें नाहीं. दुसरा भाग शीर्षकांचा; मजकूर कोणत्या प्रकारचा व किती लांबीचा, हें त्यांत लिहिलेलें असतें. तिसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष मजकूर.

हे तीन भाग सर्वत्र सारखेच. पण प्रत्येक भाषा त्यांची मोट आपापल्या रीतीनें बांधते. पायथन भाषेसाठीं २००३ सालीं ‘डब्ल्यूएसजीआय’ नांवाचा संकेत मांडला गेला. रूबी भाषेंत २००७ सालीं ‘रॅक’ आला. रॅक नुसतें २०० म्हणतो; पायथनच्या संकेतांत त्यापुढें ‘ओके’सारखा शब्दहि द्यावा लागतो. रॅकमधील शीर्षकें कोशासारखीं, म्हणजे एका नांवाखालीं एकच नोंद. पायथनकडे जोड्यांची यादी असते, तींत तेंच नांव दोनदां आलें तरी चालतें. म्हणून रूबीनें तयार केलेलें उत्तर पायथनच्या सर्व्हरमार्फत पाठवावयाचें, तर मध्यें एक दुभाषी आज्ञावली लागते.

आमच्या एका लहानशा ग्रंथसंग्रहाची सभासदयादी रूबींत होती. माझ्या नातवानें नवा सर्व्हर पायथनमध्यें उभारला आणि मध्यें असा दुभाषी बसविला. त्यानें इंग्रजी नांवें घालून तो तपासला. एक अक्षरहि चुकलें नाहीं. मग खरी मराठी यादी लावली, तों ती मध्येंच तुटली! मागचीं बहुतेक नांवें दिसेनात. दुसऱ्या दिवशीं एक वृद्ध सभासद मजकडे आले व म्हणाले, “गुरुजी, वर्गणी भरली आहे, माझें नांव काढलेंत कीं काय?” मला फार ओशाळल्यासारखें झालें.

चूक लांबीच्या शीर्षकांत होती. ती लांबी बाइटांत सांगावयाची असते. दुभाष्यानें चिन्हें मोजलीं. इंग्रजी अक्षर एका बाइटांत मावतें, म्हणून तेथें दोन्ही हिशेब आपोआप जुळतात. देवनागरीचें प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ पद्धतींत तीन बाइट घेतें. ‘मुलुंड’ हाच शब्द घ्या. म, उकार, ल, उकार, अनुस्वार आणि ड, अशीं चिन्हें ६, बाइट १८. शीर्षकांत ६ लिहिलें, कीं ब्राउझर सहा बाइट घेऊन थांबतो आणि हातीं उरतें तें नुसतें ‘मु’. अंक मात्र २००च, म्हणजे सर्व कांहीं क्षेमकुशल!

वजनाच्या रकान्यांत नगांची संख्या लिहावी, तसा हा प्रकार झाला. उपाय सोपा आहे. आधीं मजकूर बाइटांत उतरवावा, मग ते बाइट मोजावे आणि शेवटीं शीर्षक लिहावें. रूबींत चिन्हें मोजण्याची आज्ञा ‘लेंग्थ’ व बाइट मोजण्याची ‘बाइटसाइझ’ अशी वेगळी आहे. पायथनमध्यें मजकूर बाइटांत उतरविल्यानंतर ‘लेन’ लावली, कीं हिशेब बरोबर येतो. नातवानें एक ओळ बदलली आणि सारीं नांवें परत आलीं.

पण ही चूक इंग्रजी चांचणींत दिसली नव्हती, हें विसरूं नये. जी आज्ञावली मराठी माणसांसाठीं लिहावयाची, तिची परीक्षाहि मराठी शब्दांनींच घ्यावी. तरुण मंडळींनीं हें काम करतांना पहिला शब्द ‘मुलुंड’ घालून पाहावा. सहाचे अठरा झाले, तर पुढें जावें. न झाले, तर कोणा तरी वृद्धाचें नांव वाटेंत गळणार आहे असें खुशाल समजावें.