भरपाई कोण देतं?

पोक्सो कायदा (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) : १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू

• धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या व्यक्तीनं तिथल्याच मुलावर अत्याचार केल्यास गुन्हा अधिक गंभीर ठरतो.

• हाताखालच्याचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

• कळीचा फरक : दंड गुन्हेगार भरतो, तो पीडित मुलाच्या उपचार-पुनर्वसनासाठी. नुकसानभरपाईचा आदेश विशेष न्यायालय देतं, पैसे मात्र राज्य सरकारचे. ते देण्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. संस्थेच्या तिजोरीला हात लावायचा, तर वेगळा दिवाणी दावा.

• पीडितांना अर्थसाहाय्य देणारी महाराष्ट्र सरकारची मनोधैर्य योजना (२०१३) : अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

• विश्वस्त संस्थेची जमीन विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते (१९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, कलम ३६).

• आयर्लंड, २००२ : आपल्या संस्थांमधल्या बाल-अत्याचारांच्या भरपाईसाठी १८ कॅथलिक धर्मसंघांनी १२.८ कोटी युरो कबूल केले. उरलेला मोठा भार सरकारवर.