पायाखालची जाळी

आंब्याचा हंगाम आला की देवगडशेजारच्या जामसंड्यात एकेकाळी घरोघरच्या खळ्यातून खिळे ठोकल्याचा आवाज ऐकू यायचा. हापूसच्या पेट्या तयार होत असायच्या. पातळ फळ्या, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आणि आत पेंढा. ठोकणाऱ्यापाशी मोजपट्टी नसायची, फटीचं माप हातातच मुरलेलं असायचं. फट मोठी झाली तर पेंढा बाहेर येऊन फळाला मार बसे. फट बुजली तर आत ऊब धरून आंबा वाटेतच उतरून जाई. आता पुठ्ठ्याचे खोके आले आहेत, पण त्यांनाही भोकं ठेवावीच लागतात.

लहान शिडाच्या बोटीतल्या लाकडी जाळीचा अभ्यास करायला बसलो तेव्हा मला सगळ्यात आधी ती पेटी आठवली. कॉकपिट म्हणजे सुकाणू धरून बसण्याचा, बोटीच्या मागच्या अंगाचा खळगा. त्याच्या तळावर पायाखाली ही जाळी असते. चौकोनी भोकांची, सागवानाची, उचलून बाजूला ठेवता येईल अशी. लाट आत आली की पाणी भोकांतून खाली जातं आणि तळाच्या निचऱ्यांतून समुद्रात परत जातं. सुकाणूवाल्याचे पाय त्या पाण्याच्या वर, कोरड्यावर राहतात. काम एवढंच. पण ते नीट झालं नाही तर काय होतं, ते आकड्यांत मांडून पाहिल्यावर मला या जाळीबद्दल आदर वाटू लागला.

दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल असा लहानसा कॉकपिट घेऊ. तो एका लाटेने काठोकाठ भरला तर आत ४५० लिटर पाणी आलं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा जड, घनमीटरला सुमारे १०२५ किलो. म्हणजे बोटीच्या मागच्या टोकावर एका क्षणात ४६० किलोंचा बोजा, जवळजवळ सात माणसांचा. तळाला दीड इंची दोन निचरे असतील आणि ते पूर्ण मोकळे असतील, तरीही हे पाणी ओसरायला गणिताने चारेक मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत पुढची लाट यायची थांबत नाही. त्यातच दोरीचा गुंता, एखादी चिंधी किंवा सुटलेली चप्पल निचऱ्याच्या तोंडाशी अडकली तर चाराची दहा मिनिटं होतात. जाळी असेल तर असा कचरा वरच अडतो आणि तिच्याखाली पाण्याची वाट मोकळी राहते. पाय कोरडे राहतात हा तिचा दिसणारा गुण. निचऱ्याची राखण करते हा न दिसणारा, आणि माझ्या मते तोच मोठा.

लाकूड कोणतं, या प्रश्नाला आपल्या किनाऱ्यावर जुना इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी सागवानासारखी झाडं हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, आणखी लागतील ती परमुलखातून विकत आणावीत, असं त्यात सांगितलं आहे. आंबा आणि फणस ही झाडंही आरमाराच्या कामाची आहेत, हे अमात्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना हात लावू नये अशी सक्त ताकीद आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, हे त्यामागचं कारण. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावं. कलमांच्या गावात राहून हे वाचताना गहिवरून येतं. तीनशे वर्षांपूर्वी लढाऊ जहाजांची निकड असतानाही कुणाच्या तरी अंगणातल्या आंब्याचा विचार झाला होता.

जाळीपुरतं बोलायचं तर आंब्याचं लाकूड तसंही उपयोगाचं नाही. ते पाणी पितं, किडीला लवकर बळी पडतं आणि कुजतं. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून पाणी आणि कीड दोन्हींपुढे तो टिकतो. ओला-सुका होताना त्याचं फुगणं-आकसणंही कमी. शिवाय रंधा मारून उघडा ठेवलेला साग ओल्या पायाखाली निसरडा होत नाही. त्यावर चकचकीत व्हार्निश चढवणं ही हौस म्हणून ठीक, पण पाय घसरायची सोय आपल्याच हाताने केल्यासारखं ते होतं. उघडा साग काही महिन्यांत उन्हाने करडा, रुपेरी होतो. मला तो रंग फार आवडतो.

मोठ्या शिडाच्या जहाजांवर अशा जाळ्या सर्रास असत. डेकवरच्या चौकोनी तोंडांवर त्या बसवलेल्या असत, म्हणजे खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोचे, तोफांचा धूर वर निघून जाई. वादळाची चिन्हं दिसली की त्यांवर ताडपत्री ओढून कडेने पट्ट्या ठोकत. याच जाळीचा एक क्रूर उपयोगही होता. इंग्रजी आरमारात फटक्यांची शिक्षा झालेल्या खलाशाला उभ्या केलेल्या जाळीला हातपाय बांधून चाबकाने मारत. अशी मोठी जहाजं आपल्याकडेही बांधली जात. जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशेक वर्षं जहाजं बांधली. त्यांपैकी १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी फ्रिगेट आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

लहान बोटींच्या जगातही मुंबईच्या सागाचं एक नाव अजरामर आहे: ‘सुहैली’. ही बत्तीस फुटी बोट १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कुलाब्याला बांधली गेली. आपल्याकडच्या सुतारांनी वाकसाने फळ्या तासल्या, दोरीने फिरवायच्या सामत्याने भोकं पाडली. याच बोटीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतले. एकट्याने, कुठेही न थांबता केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. पन्नास वर्षांनी त्याच आराखड्यावर गोव्यात ‘तुरीया’ बांधली गेली आणि २०१८ मध्ये भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची सुटका करावी लागली. अशा समुद्राच्या बातम्या वाचताना माझं लक्ष आता कॉकपिटकडे जातं. एवढं पाणी किती वेळा आत आलं असेल, आणि किती वेळा बाहेर गेलं असेल!

आता प्रत्यक्ष काम. वीस मिलिमीटरच्या चौरस पट्ट्या आणि तेवढ्याच फटी हे सोयीचं माप. टाच किंवा पायाचा अंगठा आत अडकत नाही आणि पाणीही तुंबत नाही. ७२० बाय ४८० मिलिमीटरच्या जाळीला एका दिशेने अठरा आणि दुसऱ्या दिशेने बारा पट्ट्या लागतात. म्हणजे २१६ ठिकाणी पट्टी पट्टीला छेदते. प्रत्येक छेदावर दोन्ही पट्ट्यांना निम्म्या जाडीची खाच, म्हणजे एकूण ४३२ खाचा. फट आणि पट्टी सारख्या मापाची असल्यामुळे अर्धी जागा मोकळी असेल असं डोळ्यांना वाटतं. खरं तर मोकळी राहते फक्त एक चतुर्थांश, कारण पट्ट्या दोन्ही दिशांनी जागा खातात.

या कामाची सगळी कसोटी अंतराची आहे. एका खाचेपासून दुसरी खाच चाळीस मिलिमीटरवर हवी. दरवेळी फक्त पाव मिलिमीटर चूक झाली आणि ती एकाच बाजूला साठत गेली, तर अठराव्या खाचेशी चार मिलिमीटरहून जास्त फरक पडतो आणि पट्ट्या एकमेकींत बसायलाच नकार देतात. म्हणून जाणता सुतार पेन्सिलीने खुणा करत बसत नाही. करवतीच्या पात्याशेजारी नेमक्या अंतरावर तो लाकडाची एक खुंटी बसवतो. नुकतीच कापलेली खाच त्या खुंटीवर बसवली की पुढची आपोआप नेमक्या जागी पडते. त्याहून सुंदर युक्ती म्हणजे पट्ट्या आधी कापायच्याच नाहीत. रुंद फळीवर आडव्या खाचा पाडून घ्यायच्या आणि मग ती फळी उभी चिरायची. एकाच फळीतून निघालेल्या साऱ्या पट्ट्यांच्या खाचा एकमेकींशी तंतोतंत जुळतात. खाच आधी, पट्टीची शेवटची जाडी नंतर, रंध्याने. खाच रुंद झाली तर ती परत अरुंद करता येत नाही. पट्टी मात्र आणखी एक हात मारून बारीक होते. हाताच्या दाबाने बसेल, हातोड्याची गरज पडणार नाही, इतपत घट्टपणा हवा. ठोकून बसवलेल्या पट्ट्या पंधराव्या-सोळाव्या छेदापाशी फुटतात. सागात वाळूसारखा सूक्ष्म अंश असतो, त्याने पात्याची धार भराभर जाते. मध्येच थांबून पातं पाजलं नाही तर शेवटच्या खाचा कुसळांनी भरतात.

चिकटवण्याआधी सांध्याच्या जागा अ‍ॅसिटोनने पुसाव्यात, नाहीतर सागातलं तेल इपॉक्सीला धरू देत नाही. आणि पुसल्यावर फार वेळ घालवू नये. हे काम पावसाळा सरून लाकूड सुकल्यावर करावं. कॉकपिटच्या भिंती सरळ नसतात, म्हणून पुठ्ठ्याचा साचा कापून घ्यावा (आंब्याचा रिकामा खोका यासाठी उत्तम). चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर सूट ठेवावी, कारण पावसात लाकूड फुगणारच. जाळीखाली पाऊण इंची पट्ट्यांचे पाय लागतात, ते बोटीच्या लांबीच्या दिशेने लावायचे. आडवे लावले तर प्रत्येक पाय निचऱ्याआधीचा एकेक छोटा बांध होतो. साग पाण्यावर तरंगतो, म्हणून जाळीला फिरत्या कडीने अडकवून ठेवावं. नाहीतर बोट आडवी झाली की जाळी आधी निघून जाते.

एका तुकड्याऐवजी दोन करावेत. अशी एक जाळी साडेतीन किलोंच्या आसपास भरते, एका हाताने उचलता येते. देवगड बंदरातल्या अनेक होड्या आता फायबरच्या आहेत आणि त्यांचा तळ ओला झाला की तेल सांडल्यासारखा होतो. तिथेही ही जाळी तितकीच कामाची. दिवसाअखेर ती उचलावी, उलटी करून झाडावी. खाली वाळू, दोरीचे धागे, एखादा नट, खवले सापडतात. निचऱ्याच्या तोंडाशी बोट फिरवून बघावं. मग दोन बादल्या पाणी मारावं आणि जाळी उभी करून वाऱ्याला सुकत ठेवावी.