तीन हजारांतले शिवणयंत्र

"काकू, जुनं मशीन घ्यायचंय. तुम्हांला त्यातलं कळतं. बरोबर याल का?"

आमच्या मागच्या खोल्यांत एक तरुण जोडपे भाड्याने राहते. त्यातली ती मुलगी श्रावणातल्या एका दुपारी दारात येऊन असे म्हणाली आणि तिने पदराआडचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. डब्यात तीन हजार रुपये होते. दहा-वीसच्या नोटा पुष्कळ, शंभराच्या थोड्या. नवऱ्याची दुकानातली नोकरी उन्हाळ्यातच सुटली होती. ही पलीकडच्या गल्लीत एका बाईंच्या यंत्रावर ब्लाऊज शिवत असे. दोरा हिचा, पाठ मोडायची ती हिची, आणि शिलाईचे निम्मे पैसे यंत्राच्या मालकिणीचे! शेतीत ज्याला अर्धेली म्हणतात, तोच हा व्यवहार. जमीन नसली की पीक निम्मे, यंत्र नसले की शिलाई निम्मी.

मला त्यातले कळते हे खरे. सासूबाईंच्या यंत्रावर मी तीस वर्षे शिवले आहे. पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. तेच यंत्र चार वर्षांपूर्वी, घरात विजेचे आले आणि जागा अडते म्हणून, मी भंगारवाल्याच्या काट्यावर घातले होते. लोखंडाचा जो भाव, तोच त्याचा. तेव्हा "बरोबर याल का?" या प्रश्नाला "नाही" म्हणायला मला तोंड नव्हते.

नवे यंत्र बिडाच्या पायांसकट घ्यायचे तर तिच्या डब्याच्या दुपटीहून अधिक पैसे लागत होते. हप्त्याने घ्यावे तर जामीन कोण राहणार? कोणी म्हणेल, सरकारी योजना आहेत. आहेत, २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिवणकाम करणाऱ्यांचा समावेश आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदतीची तरतूद आहे. अर्ज कर, असे मीही तिला सांगितले. पण अर्ज मंजूर होईपर्यंत दिवाळीची शिलाई थोडीच थांबते?

गंमत अशी की शिवणयंत्र आणि हप्ता ही जोडी फार जुनी आहे. सुईचे नेढे मागच्या टोकाला न ठेवता अणीजवळ आणून, दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या यंत्राचे एकस्व एलायस हाउ या अमेरिकनाने १८४६ साली घेतले. आयझॅक सिंगरने १८५१ साली आपले यंत्र आणले. परंतु किंमत ऐकून गिऱ्हाईक मागे फिरे. तेव्हा त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ साली हप्त्याने विक्री सुरू केली आणि मग यंत्र घरोघर गेले. म्हणजे ते परवडायचे कसे, हा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

जुन्या वस्तू शोधायला आमचे देवळाली कॅम्प वाईट नाही. इंग्रजांच्या अमदानीत मायदेशी जाणारे गोरे सोल्जर इथल्या छावणीत बोटीची वाट पाहत दिवस काढीत. त्या कंटाळ्यातून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणण्याचा प्रघात पडला, तो या देवळालीवरून! इंग्रज गेले, पण तोफखान्याची शाळा इथे आहे. लष्करी घरातली बदली म्हणजे सामान हलके करणे आलेच. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे इथे आली, त्यांनी शून्यातून दुकाने उभी केली. लॅम रोडच्या अंगाला पारशी-गुजराती मंडळींचे जुने बंगले आणि आरोग्यधामे आहेत. एवढ्या वस्तीत कुठेतरी एखादे यंत्र चादरीखाली झाकून पडलेले असणारच, या आशेवर आम्ही दोघी निघालो.

पहिले यंत्र पाहिले ते नाशिकच्या एका जुन्या मालाच्या दुकानात. काळे कुळकुळीत, सोनेरी चिकटपट्ट्या लखलखीत, किंमत अडीच हजार. पोरीचे डोळे चमकले. मी मात्र आधी सुईदांडी दोन बोटांत धरून हलवली. ती खुळखुळली. चाक वर-खाली हलवले, तेही डुलले. मग कापड ज्यांनी पुढे सरकते त्या पायाखालच्या दात्यांवरून बोट फिरवले. ते वापरून गुळगुळीत झाले होते. म्हणजे रंग कालचा आणि हाडे खिळखिळी. "ताई, गॅरंटी देतो," दुकानदार म्हणाला. "लिहून द्या," मी म्हटले. तो हसला, आम्ही उठलो.

इथे वाचक भगिनींना एक सांगून ठेवते. जुन्या यंत्राची पुढची नक्षी झिजलेली असली तर बिचकू नये. तिथून वर्षानुवर्षे कापड सरकले, एवढाच त्याचा अर्थ. नव्या रंगालाच भ्यावे. यंत्र जड फिरत असेल तर कसे जड फिरते ते पाहावे. सगळ्या फेऱ्यात सारखेच जड असेल तर बहुधा कोणीतरी खोबरेल नाहीतर गोडे तेल घातलेले असते. ते सुकून राळेसारखे चिकटते. रॉकेलने ते सुटते, मग यंत्राचे पातळ तेल द्यावे. पण प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडत असेल, तर शटलमध्ये दोरा गुंतला आहे का ते आधी पाहावे. तो नसेल तर आतला दांडा वाकलेला असू शकतो, आणि तिथे हात जोडून परत यावे.

दुसरे यंत्र लॅम रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात होते, आणि काय देखणे! सिंगरचे, निमुळत्या होडीसारख्या शटलचे आणि लांब बॉबिनचे. पाटावरच्या क्रमांकाच्या आधी 'एफ' हे इंग्रजी अक्षर होते. अशी अक्षरे सिंगरने विसाव्या शतकाच्या आरंभापासून घालायला सुरुवात केली, आणि 'एफ' किंवा 'वाय' असले की ते यंत्र स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातले समजावे. तो प्रचंड कारखाना १८८५ साली सुरू झाला नि १९८० साली बंद पडला. कारखाना गेला, यंत्र मात्र चाक फिरवताच घड्याळासारखे चालू लागले. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या महात्माजींनीही १९२४ सालच्या एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केले होते, ते उगाच नव्हे.

किंमत विचारली, तर नऊ हजार! मालकीण बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "अहो, शिवायला कोण घेतंय? खालचं बिडाचं स्टँड मुंबईचे लोक टेबलाला नेतात. वर काच टाकतात." मी त्या नक्षीदार पायट्याकडे पाहत राहिले. पायट्याला पायाची गरज नाही, शोभेची आहे. आणि जिला गरज आहे तिला तो परवडत नाही. तसे ते यंत्र तिच्या उपयोगाचेही नव्हते. लांब बॉबिन आणि होडीचे शटल आता सहजासहजी मिळत नाही. धंद्याला यंत्र घ्यायचे तर गोल बॉबिनचे घ्यावे, त्याचे सुटे भाग गल्लीतही मिळतात.

गणपती उठले, पितृपक्ष लागला. हेलपाटे चालूच होते. एकदा ती म्हणाली, "काकू, राहू द्या. अर्धे तर अर्धे, मिळतात ना?" तिचे हे बोलणे मला फार लागले. त्या रात्री मी तिला माझ्या सासूबाईंच्या यंत्राची हकिगत सांगितली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "ते गोल बॉबिनचं होतं का हो?" मी "हो" म्हटले.

तिसऱ्या यंत्राचा पत्ता लागला तो सुया-दोऱ्यांच्या दुकानात. हे आधीच सुचायला हवे होते! कोणाचे यंत्र बंद आहे, कोणाची नजर गेली, कोणी धंदा सोडला, हे सुया विकणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याने भगूरच्या एका मास्तरांकडे पाठवले. भगूर म्हणजे सावरकरांचे जन्मगाव, कॅम्पाला लागूनच. मास्तरांनी उभी हयात लष्करी गणवेश शिवण्यात घालवली होती. मोतीबिंदूनंतर सुईत दोरा ओवता येईना, म्हणून यंत्र झाकून ठेवलेले. उषा कंपनीचे, काळे, पायाने चालणारे. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात देशी 'उषा' बाजारात आणले, तेव्हापासून किती घरांची चूल तिने पेटती ठेवली असेल! नक्षी पार पुसली होती. पट्टा तुटलेला होता. पण सुईदांडी घट्ट, दाते तीक्ष्ण, आणि सुईच्या पत्र्यातल्या भोकाला एकही ओरखडा नाही. तिथे ओरखडे असले की दोरा तुटत राहतो.

मी पिशवीतून लाल नि पांढरी रिळे काढली. वर लाल, बॉबिनला पांढरा. ही परीक्षा कुणालाही करता येते. कापड दुहेरी घेऊन टीप मारावी. वरच्या बाजूला फक्त लाल आणि खाली फक्त पांढरा दिसला, तर दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या दोन पदरांच्या मध्ये बसते आहे आणि ताण बरोबर आहे. वर पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खाली लाल फासे दिसले तर वरचा ताण कमी. हे स्क्रूने सुधारते. मात्र सुधारूनही टाके सुटत राहिले तर सुई बदलून पाहावी, आणि नव्या सुईनेही सुटले तर यंत्र घेऊ नये.

पट्टा नव्हता, म्हणून मास्तर म्हणाले, "चाक हातानं फिरव, बाळ. मला टीप ऐकायची आहे." तिने टीप मारली. मग कापड चौपदरी केले, शिवणीवरून पुन्हा मारली. मास्तर कान देऊन ऐकत होते. तिने कापड त्यांच्या हातात दिले, तर त्यांनी डोळ्यांनी न पाहता अंगठ्याने टीप चाचपली.

"कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

"आईच्या."

"काखेची शिवण उसवते का कधी?"

"नाही उसवत."

मास्तरांनी तीन हजार सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "मास्तर, सगळे तुम्हांलाच दिले तर पट्टा, सुया आणि टेम्पो कशातून?" त्यांनी थोडा विचार केला आणि दोन हजार सहाशेवर सौदा ठरला. पट्टा, सुयांचे पाकीट, तेलाची बाटली आणि टेम्पोचे भाडे मिळून तीनशे साठ झाले. डब्यात चाळीस रुपये उरले. निघताना मास्तर एवढेच म्हणाले, "तेल यंत्राचंच घाल. आणि रोज झाकून ठेव."

खंडेनवमीला त्या खोलीत यंत्राला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ चढली. दुसऱ्या दिवसापासून रात्री दहापर्यंत पायट्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागला. धनत्रयोदशीच्या सकाळी ती तोच पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर नोटा मोजू लागली. ब्लाऊज किती झाले ते तिच्या वहीत लिहिलेले होते. मोजता मोजता सवयीने तिने नोटांचे दोन सारखे ढीग केले. मग तिचे तिलाच हसू आले. तिने दोन्ही ढीग उचलून एकत्र केले आणि डब्याचे झाकण लावले.